झोपेच्या पायऱ्या आणि निद्राविकार

राज्यातील पूर्व प्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजण्यापूर्वी भरवू नयेत, असा निर्णय शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर केला. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून तो लागू करण्यात आला. तत्पूर्वी, डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनी बालकांना पुरेशी झोप मिळावी यासाठी शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा, असे सुचविले होते. या निर्णयावर पालक, शाळाचालक आणि विद्यार्थ्यांची वाहतूक करणारे व्यावसायिक यांच्यात पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. मुलाची पहाटेची तासभर झोप मोडली तर नेमके काय बिघडते?

झोप म्हणजे नुसती निष्क्रिय विश्रांती असती, तर या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले असते. पहाटेचा गेलेला तास दुपारी भरून काढता आला असता. परंतु रात्रीच्या झोपेचे सर्व तास सारखे नसतात, हे गेल्या शंभर वर्षांतील संशोधनाने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. झोपेला पायऱ्या आहेत, त्यांचा एक क्रम आहे आणि प्रत्येक पायरीकडे सोपविलेले काम वेगळे आहे. निद्राविकारांचे स्वरूपही या क्रमावरूनच उलगडते. म्हणूनच झोपेची ही रचना शिक्षक, अधिकारी आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

निद्रेचे संशोधन

निद्रेविषयीचे चिंतन आपल्याकडे प्राचीन आहे. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा निरनिराळ्या अवस्था सांगितल्या. चरकसंहितेने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराला आधार देणारे तीन उपस्तंभ मानले. स्वप्नावस्था आणि स्वप्नरहित गाढ निद्रा या दोन भिन्न अवस्था आहेत, हे निरीक्षण त्या काळी झाले होते. मात्र झोपेचे मोजमाप करण्याचे साधन उपलब्ध होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूतील सूक्ष्म विद्युत्-लहरींचा पहिला आलेख घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोक्याच्या त्वचेवर बसविलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या साहाय्याने या लहरी कागदावर उमटविता येऊ लागल्या. झोपलेल्या माणसाला न उठविता त्याच्या झोपेची खोली जाणून घेण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. अमेरिकेतील आल्फ्रेड लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली या लहरींच्या आधारे झोपेच्या पायऱ्यांचे पहिले वर्गीकरण मांडले.

यापुढचा शोध मात्र अनपेक्षित होता. शिकागो विद्यापीठात प्राध्यापक नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्या हाताखाली यूजीन असेरिन्स्की हे विद्यार्थी झोपेतील डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास करीत होते. त्यांनी प्रथम आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या झोपेचे आलेख घेतले. रात्रीतून काही काळ मिटलेल्या पापण्यांआड डोळे वेगाने इकडून तिकडे फिरतात आणि त्या वेळी मेंदूचा आलेख जागेपणीच्या आलेखासारखा दिसतो, असे त्यांना आढळून आले. अशा वेळी उठविलेल्या व्यक्ती बहुधा स्वप्न पडत असल्याचे सांगत. हा निष्कर्ष १९५३ साली प्रसिद्ध झाला. या अवस्थेला जलद नेत्रचलन निद्रा असे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘रेम’ निद्रा या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील मिशेल झुव्हे यांनी हिलाच ‘विरोधाभासी निद्रा’ म्हटले. कारण या अवस्थेत मेंदू जागा असल्यासारखा दिसतो, तर शरीर पूर्णपणे शिथिल असते.

झोपेच्या चार पायऱ्या

पायऱ्या मोजण्याचे प्रमाणित नियम १९६८ साली तयार झाले. २००७ साली त्यांत सुधारणा होऊन पूर्वीची तिसरी व चौथी पायरी एकत्र करण्यात आली. आज रेमेतर निद्रेच्या तीन पायऱ्या आणि रेम निद्रा अशा एकूण चार अवस्था मानल्या जातात. आलेखाचे तीस-तीस सेकंदांचे भाग पाडून प्रत्येक भागाची पायरी ठरविली जाते.

पहिली पायरी म्हणजे डुलकी. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत दर सेकंदाला ८ ते १३ लहरी उमटतात. पहिल्या पायरीत त्या मंदावतात आणि डोळे सावकाश फिरू लागतात. पाय घसरल्याचा भास होऊन शरीर एकदम दचकते, ते याच सुमारास. या पायरीवर असलेल्या माणसाला हाक मारली तर “मी जागाच होतो” असे तो सांगतो आणि ते त्याला खरेही वाटत असते. सभेत पेंगणाऱ्या सदस्याचे किंवा गाडी चालविताना क्षणभर डोळा लागलेल्या चालकाचे म्हणणे म्हणूनच विश्वसनीय मानता येत नाही. प्रौढ व्यक्तीच्या रात्रीचा सुमारे वीसावा हिस्सा या पायरीत जातो.

दुसरी पायरी ही खरी निद्रा होय. रात्रीच्या झोपेचा जवळजवळ निम्मा भाग हिने व्यापलेला असतो. नाडी व श्वास संथ होतात आणि शरीराचे तापमान उतरते. मेंदूच्या आलेखात मध्येच जलद लहरींचे छोटे पुंजके दिसू लागतात. सूत कातण्याच्या चातीप्रमाणे ते दोन्ही टोकांना निमुळते असतात. बाहेरच्या किरकोळ आवाजांनी झोपमोड होऊ नये आणि दिवसा शिकलेल्या गोष्टी स्मरणात ठसाव्यात, या दोन्ही कामांशी या लहरींचा संबंध असल्याचे आढळले आहे.

तिसरी पायरी गाढ झोपेची. या पायरीत मेंदूच्या लहरी उंच आणि अतिशय मंद होतात. या झोपेतून माणसाला उठविणे कठीण असते आणि उठविलेच तर काही मिनिटे तो गोंधळलेला राहतो. वाढत्या वयात शरीराची वाढ घडविणारे संप्रेरक मुख्यतः याच काळात स्रवते. शरीराची झीज भरून येण्यास आणि दिवसभराचा थकवा उतरण्यास हीच पायरी प्रामुख्याने उपयोगी पडते. प्रौढांत रात्रीचा सुमारे पाचवा हिस्सा ती व्यापते. लहान मुलांत ती विपुल असते आणि उतारवयात कमी होत जाते.

चौथी अवस्था रेम निद्रेची. डोळे वेगाने फिरतात, श्वास व नाडी अनियमित होतात आणि ठसठशीत स्वप्ने पडतात. या वेळी मेंदूच्या तळाकडून निघणारे संदेश हातापायांचे स्नायू लुळे करून ठेवतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांनाच काय ती मोकळीक असते. या योजनेमुळेच स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात निश्चल पडून राहतो. भावना आणि आठवणी यांची जुळणी या अवस्थेत होते, असे मानले जाते. प्रौढांच्या झोपेत हिचा वाटा सुमारे एक चतुर्थांश असतो, तर नवजात अर्भकाच्या झोपेत तो निम्म्याच्या आसपास असतो.

रात्रीचा आराखडा

या चार अवस्था एकापाठोपाठ एक येतात आणि सुमारे नव्वद मिनिटांत त्यांचे एक आवर्तन पूर्ण होते. एका रात्रीत अशी चार ते सहा आवर्तने होतात. मात्र सर्व आवर्तनांची घडण एकसारखी नसते. पूर्वरात्रीच्या आवर्तनांत गाढ झोपेचा भाग मोठा आणि रेम निद्रेचा अल्प असतो. उत्तररात्री हे प्रमाण उलटते. पहाटे गाढ झोप जवळजवळ संपलेली असते आणि रेम निद्रा दीर्घ होते. मराठीत जिला साखरझोप म्हणतात ती ही पहाटेची झोप स्वप्नांनी समृद्ध असते.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर या आराखड्यात आहे. आठ तासांची गरज असलेल्या माणसाला नेहमीच्या वेळी झोपूनही दीड तास आधी उठविले, तर त्याची एकूण झोप पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रमाणात घटते. परंतु त्याच्या रेम निद्रेची घट त्याहून कितीतरी मोठी असते. याउलट मध्यरात्रीपर्यंत पुन्हापुन्हा झोपमोड झालेल्या माणसाची गाढ झोप हिरावली जाते. तास तेवढेच गेले तरी नुकसान वेगवेगळ्या स्वरूपाचे होते. धान्याच्या पोत्यातून पायलीभर धान्य काढावे तशी झोप कमी होत नाही. तिचा एखादा विशिष्ट भागच नाहीसा होतो.

शरीर या नुकसानीची नोंद ठेवते. १९६४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १७ वर्षांचा एक विद्यार्थी प्रयोग म्हणून सलग २६४ तास जागा राहिला. त्यानंतर तो प्रथम सुमारे १४ तास झोपला. बुडालेले सर्व तास त्याने भरून काढले नाहीत. पुढील रात्रींत त्याच्या शरीराने गाढ निद्रा व रेम निद्रा यांची भरपाई मात्र इतर पायऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात करून घेतली.

झोप कशी येते?

झोपेवर दोन यंत्रणांचे नियंत्रण चालते. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली हा विचार सुसूत्रपणे मांडला. पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. माणूस जितका अधिक काळ जागा राहतो, तितका मेंदूत अ‍ॅडेनोसीन या द्रव्याचा संचय वाढतो आणि झोप अनावर होते. चहा-कॉफीतील कॅफीन या द्रव्याचे कार्य तात्पुरते अडवते. थकवा मात्र त्यामुळे नाहीसा होत नाही, त्याची जाणीव तेवढी पुढे ढकलली जाते. कॅफीनचा अंमल निम्म्यावर येण्यास साधारणतः पाच तास लागतात. सायंकाळी सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्री अकराला शरीरात शिल्लक असतो, तो असा.

दुसरी यंत्रणा शरीरातील घड्याळाची. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या आधारे मेंदूतील एक लहानसे केंद्र हे घड्याळ लावत असते. अंधार पडला की मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेसाठी सिद्ध होते. रात्री उशिरापर्यंत प्रखर दिवे किंवा भ्रमणध्वनीचा पडदा डोळ्यांसमोर राहिल्यास हा स्राव लांबतो. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वयानुसार झोपेची गरज बदलते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ८ ते १० तास आणि प्रौढांना किमान ७ तास झोप आवश्यक आहे, असे तज्ज्ञांचे मत आहे. किशोरवयात शरीराचे घड्याळ नैसर्गिकरीत्याच काहीसे मागे सरकते. या वयातील मुलाला रात्री लवकर झोप न येणे आणि सकाळी डोळे न उघडणे हा बव्हंशी वयाचा धर्म असतो. तो सर्वस्वी आळस ठरवून चालत नाही.

निद्रानाश

निद्राविकारांत सर्वाधिक आढळणारा विकार निद्रानाशाचा. झोप लवकर न लागणे, मध्येच मोडणे किंवा फार लवकर जाग येऊन पुन्हा न लागणे, ही त्याची तीन रूपे. झोपेसाठी पुरेसा वेळ असूनही आठवड्यातून तीन वा अधिक रात्री असे घडत असेल, दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल आणि हे तीन महिने टिकले असेल, तर तो चिरकालीन निद्रानाश समजला जातो. दु:ख, चिंता, कर्ज, आजारपण यांनी सुरुवात होते. पुढे मूळ कारण ओसरले तरी “आज तरी झोप लागेल ना?” ही धास्तीच झोप उडवू लागते.

या विकारावर पहिला उपाय गोळ्यांचा नसून वर्तनोपचाराचा आहे, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकीय संस्थेने २०१६ साली स्पष्ट केले. त्याची मुख्य सूत्रे साधी आहेत. डोळ्यांवर झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटांत झोप न लागल्यास उठून मंद उजेडात शांतपणे बसावे आणि झोप आल्यावरच परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. अंथरुणात पडून हिशेब, वाद किंवा भ्रमणध्वनी यांत वेळ घालवू नये. रात्री घड्याळाकडे पाहू नये. झोपेच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे धोक्याचे आहे. त्यांची सवय लागू शकते आणि वृद्धांत पडून हाड मोडण्याचा संभव वाढतो. दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकाएकी बंद करणेही तितकेच धोक्याचे असते.

मद्याने झोप चांगली लागते, हा असाच एक चुकीचा समज. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. परंतु पूर्वरात्रीची रेम निद्रा त्यामुळे दबते आणि उत्तररात्री झोप वारंवार मोडते.

घोरणे आणि श्वासरोध

“भुकेला कोंडा, निजेला धोंडा” अशी म्हण आहे. दमलेल्याला दगडावरही झोप लागते हे खरेच, परंतु झोप लागली म्हणजे ती चांगलीच लागली असे नव्हे. मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असा सार्वत्रिक समज आहे. काही व्यक्तींच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. छाती श्वासासाठी धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुरका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. निद्रिताला याची आठवणही राहत नाही.

दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ अशा प्रकारे श्वास थांबणे किंवा बराच मंदावणे, असे प्रसंग तासाला पाचांहून अधिक वेळा घडत असतील तर तो विकार मानतात. तासाला तीस वा अधिक वेळा घडत असतील तर तो तीव्र समजला जातो. तीव्र विकार असलेला माणूस आठ तासांच्या झोपेत अडीचशेच्या घरात वेळा गुदमरतो. तो गाढ झोपेच्या पायरीवर टिकूच शकत नाही. परिणामी सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते, चिडचिड वाढते. उपचार न केल्यास उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो.

लठ्ठपणा, जाड व आखूड मान, मद्यपान यांमुळे हा विकार बळावतो. वजन घटविणे, मद्य टाळणे, कुशीवर झोपणे यांनी अनेकांना लाभ होतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावरील मुखवट्यातून सौम्य दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे यंत्र आज जगभर वापरले जाते. लहान मुलांत घशातील गाठी व नाकामागील गाठी वाढल्यामुळेही हा विकार होतो. रात्री तोंड उघडे ठेवून घोरणारे मूल वर्गात पेंगण्याऐवजी चंचल व हट्टी झालेले दिसू शकते. अशा मुलाला शिक्षेपेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेण्याची अधिक गरज असते.

कोणत्या प्रहरी काय घडते?

झोपेतील विचित्र वर्तनाविषयी समाजात भीती व गैरसमज फार आहेत. येथे रात्रीचा आराखडा अत्यंत उपयोगी पडतो. झोपेत चालणे आणि किंचाळून उठणे हे प्रकार गाढ निद्रेतून अर्धवट जाग आल्याने घडतात. म्हणून ते बहुधा झोप लागल्यानंतरच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात दिसतात. मूल उठून बसते, ओरडते, डोळे उघडे असूनही ओळखत नाही. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हा प्रकार मुलांत पुष्कळदा वयाबरोबर नाहीसा होतो. त्याला हलवून उठविण्याऐवजी हळुवारपणे अंथरुणाकडे न्यावे. अशा मुलाला कठडा नसलेल्या गच्चीवर किंवा विहिरीजवळील अंगणात झोपवू नये.

भयस्वप्ने याउलट रेम निद्रेत, म्हणजे बहुशः उत्तररात्री पडतात. त्यातून जागे झालेले मूल पूर्ण शुद्धीवर असते, स्वप्न सांगू शकते आणि जवळ घेतल्यावर शांत होते.

पहाटे जाग यावी, पण हातपाय हलविता येऊ नयेत, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटावे, खोलीत कोणी उभे असल्याचा भास व्हावा, हा अनुभवही अनेकांना येतो. ‘छातीवर भूत बसले’ असे त्याचे वर्णन केले जाते. वस्तुतः रेम निद्रेतील स्नायूंचा लुळेपणा ओसरण्यापूर्वीच मन जागे झाल्याने हे घडते. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ते आपोआप संपते. अपुरी व अनियमित झोप हे त्याचे एक प्रमुख निमित्त आहे. अशा व्यक्तीला मांत्रिकाकडे नेण्याचे कारण नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

काही वेळा रेम निद्रेतील हा लुळेपणा येतच नाही. मग माणूस स्वप्नातील मारामारी अंथरुणात प्रत्यक्ष करतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉ. कार्लोस शेंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. पन्नाशीनंतर असे प्रथमच घडू लागल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. कारण काही वर्षांनी उद्भवणाऱ्या कंपवाताची ती पूर्वसूचना असू शकते. एकाच रात्री वारंवार झटके येणे, जीभ चावली जाणे किंवा अंथरुण ओले होणे ही लक्षणे असल्यास अपस्माराची शक्यता तपासून घ्यावी लागते.

आणखी दोन विकार

हसताना एकदम गुडघ्यांतील त्राण जाणे आणि दिवसा कोठेही झोपेचा झटका येणे ही नार्कोलेप्सी या विरळ विकाराची लक्षणे होत. फ्रान्समधील डॉ. जेलिनो यांनी १८८० साली त्याला हे नाव दिले. जागेपणा टिकवून ठेवणाऱ्या ओरेक्सिन या द्रव्याचा शोध १९९८ साली लागला. या रोग्यांपैकी बहुतेकांच्या मेंदूत ते निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात, हे २००० साली दिसून आले. हा विकार बहुधा विद्यार्थिदशेत सुरू होत असल्याने त्याची पहिली शंका शिक्षकालाच येऊ शकते.

दुसरा विकार अस्वस्थ पायांचा. सायंकाळनंतर आडवे पडताच पायांत वळवळ, ओढ किंवा झिणझिण्या सुरू होतात आणि चालल्याशिवाय चैन पडत नाही. शरीरातील लोहाची कमतरता हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. गरोदरपणीही तो आढळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हे ध्यानात घेता ‘रात्री पाय ओढतात’ या तक्रारीकडे दुर्लक्ष न करता रक्ततपासणी करून घेणे इष्ट आहे.

रात्रीचे काम आणि रस्ता

रात्रपाळीचा कामगार, रुग्णालयातील परिचारिका, पोलीस शिपाई, लांब पल्ल्याचा चालक हे सारे आपल्या शरीराच्या घड्याळाविरुद्ध काम करीत असतात. शेतीपंपांना रात्री वीज मिळत असेल तर शेतकऱ्यालाही पिकाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री शेतावर जावे लागते. झोपमोडीबरोबरच सर्पदंशाचाही धोका पत्करावा लागतो. शेतीला दिवसा वीज देण्याच्या हेतूने राज्यात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे महत्त्व या अंगानेही पाहिले पाहिजे.

मोटार वाहतूक कामगारांसाठी संसदेने १९६१ साली केलेल्या कायद्याने कामाची मर्यादा सामान्यतः दिवसाला आठ तास ठरविली होती. अशा मर्यादेमागील शास्त्रीय कारण ऑस्ट्रेलियातील १९९७ च्या एका प्रयोगात स्पष्ट झाले. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता, दर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते, असे त्यात आढळले. भारतात वाहनचालकासाठी ही कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. मद्यपी चालक ओळखण्याचे यंत्र पोलिसांपाशी असते. झोपाळू चालक ओळखण्याचे तसे सोपे यंत्र मात्र नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाचा तीन सेकंद डोळा लागला, तर तेवढ्यात गाडी सुमारे ६७ मीटर अंतर कापते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटर लांबीच्या, सरळ व अडथळेरहित रस्त्यावर हा धोका विशेष ध्यानात ठेवावा लागतो. खिडकी उघडणे किंवा मोठ्याने गाणी लावणे यांचा उपयोग क्षणिक असतो. गाडी सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटांची झोप काढणे आणि शक्यतो मध्यरात्र ते पहाट या वेळेत गाडी न चालविणे, हेच भरवशाचे उपाय होत.

गावपातळीवर काय करता येईल?

निद्राविकारांची निश्चिती तज्ज्ञांनी करावयाची असते. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लिहून नेल्यास निदानास मोठे साहाय्य होते. झोपण्याची व उठण्याची वेळ कोणती? त्रास रात्रीच्या कोणत्या भागात होतो? घोरणे किंवा श्वास अडकणे घरातील कोणाच्या लक्षात आले आहे काय? दिवसा बसल्या जागी डोळा लागतो काय? दोन आठवडे ही नोंद ठेवावी. निद्रानाशासोबत उदासीनता किंवा जीव नकोसा झाल्याची भावना असल्यास विलंब करू नये. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा नि:शुल्क दूरध्वनी क्रमांक अशा प्रसंगी उपयोगी पडतो.

वर्गात वारंवार पेंगणाऱ्या विद्यार्थ्याला उभे करण्यापूर्वी त्याच्या रात्रीची चौकशी शिक्षकाने करावी. कदाचित तो पहाटे दूध घालण्यास जात असेल, कदाचित घोरत असेल, कदाचित रात्रभर भ्रमणध्वनी पाहत असेल. या तिन्हींवरील उपाय वेगळे आहेत. कार्यालयप्रमुखांनी रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीस बोलावू नये आणि रात्रभर जागलेल्या चालकाला दौऱ्यावर पाठवू नये.

ग्रामपंचायतीच्या हातीही बरेच काही आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक वाजविण्यास बंदी आहे. सणासमारंभांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातील मोजक्याच दिवसांपुरती, फार तर पंधरा दिवस, देता येते. या नियमाचे पालन हा केवळ शांततेचा प्रश्न नाही. रात्री दहा ते एक हाच बहुतेकांच्या गाढ झोपेचा काळ असतो. गावातील मुलांच्या शरीराची वाढ, मजुरांचा थकवा उतरणे आणि रुग्णांचे बरे होणे या तासांवर अवलंबून असते. यात्रेचा किंवा जयंतीचा कार्यक्रम ठरविताना ग्रामसभेने समाप्तीची वेळही ठरवून ठरावात नमूद करावी. असा ठराव करण्यास निधी लागत नाही आणि त्याचा लाभ गावातील प्रत्येक घराला त्याच रात्रीपासून मिळतो.